शौच-संस्कार आणि स्वरस : ओल्या वनस्पतींच्या प्रक्षालनाचा विचार

पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत बलवान मानला आहे. कल्क, क्वाथ, हिम व फांट हे त्यानंतर उत्तरोत्तर लघु होत जातात. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून हा क्रम आपणा सर्वांना मुखोद्गत असतो. मात्र याच क्रमाकडे दुसऱ्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. स्वरसाला अग्निसंस्कार नाही. क्वाथ उकळतो, फांटावर कढत पाणी पडते; स्वरस मात्र पानावर जे काही असेल ते सर्व सोबत घेऊन रुग्णाच्या पोटात जातो. सूक्ष्म जंतूंच्या बाबतीत म्हणूनच ही कल्पना सर्वांत नाजूक ठरते.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात ‘करण’ या आहारविधिविशेषायतनाचे विवेचन करताना गुणांतर घडविणाऱ्या संस्कारांची जी यादी दिली आहे, तिच्यात जल व अग्नी यांच्या संनिकर्षानंतर लगेच ‘शौच’ येतो. मंथन, देश, काल, भावना, भाजन हे त्यापुढे येतात. म्हणजे धुणे हे आचार्यांच्या मते घरकामातील किरकोळ काम नसून द्रव्याचे गुण बदलणारा संस्कार आहे. भावनेवर आपल्याकडे भरपूर लेखन झाले, शोधनावर ग्रंथ झाले. शौचावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. प्रस्तुत लेखात त्याच संस्काराचा व्यावहारिक विचार करावयाचा आहे. लेखनाची पार्श्वभूमी जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्याची असल्याने पाण्याच्या तुटवड्याचाही विचार ओघाने येईल.

जामखेडचे नाव सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात जगभर घेतले जाते, ते डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पामुळे. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ असलेला बालमृत्युदर नव्वदच्या दशकात तिसाच्या खाली आला. हे परिवर्तन मोठ्या रुग्णालयाने घडविले नाही. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा ग्राम आरोग्य सेविकांनी स्वच्छ पाणी, हात धुणे, बाळाला जुलाब होताच मीठ-साखरेचे पाणी पाजणे अशा साध्या गोष्टी घरोघर पोहोचविल्या. ज्या तालुक्यात निरक्षर स्त्रियांनी हे करून दाखविले, तेथे पदवीधर वैद्याच्या औषधालयात दूर्वा नळाखाली नुसत्या ओल्या करून मिक्सरमध्ये जाव्यात, हे शोभणारे नाही.

पानावर काय असते?

धूळ व माती डोळ्यांना दिसतात. त्यापलीकडे ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला यांसारखे आंत्रजंतू, कावीळ-अ व कावीळ-ई यांचे विषाणू, अमीबाच्या पुटिका आणि कृमींची अंडी हे सर्व मलसंसर्गाने येते. मग तो सांडपाण्याच्या सिंचनातून येवो, कच्च्या शेणखतातून येवो किंवा खुडणाऱ्याच्या हातातून. गाई-म्हशी पूर्ण निरोगी असतानाही त्यांच्या आतड्यात ई. कोलायची ओ१५७ ही घातक जात असू शकते. पूर्ण कुजलेले खत व ताजे शेण यांत म्हणूनच फार मोठा भेद आहे, आणि जमिनीलगतच्या वनस्पतींजवळ ताजे शेण नसावे. या जातीचे व शिगेलाचे दहा ते शंभर जंतूदेखील रोग उत्पन्न करण्यास पुरेसे ठरतात. साल्मोनेलाला सामान्यतः याहून पुष्कळ अधिक संख्या लागते.

कृमींविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण या बाबतीत लोकांत एक पक्का गैरसमज आहे. ‘कोबीतली अळी मेंदूत जाते’ हे वाक्य आपण प्रत्येकाने रुग्णांच्या तोंडून ऐकले असेल. कोबीवरील हिरवी अळी कोठेही जात नाही; ती फुलपाखराची किंवा पतंगाची अळी असते व शिजताना मरते. मेंदूत गाठी करणारी ती पट्टकृमीची अंडी. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि ती येतात माणसाच्या मलातून. ज्याच्या आतड्यात डुकराच्या मांसातून आलेला पट्टकृमी आहे, अशा व्यक्तीच्या मलाने दूषित झालेली भाजी शुद्ध शाकाहारी मनुष्याने खाल्ली तरी अंड्यांतून निघालेले कृमी रक्तावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतात. प्रौढ वयात प्रथमच अपस्मारासारखे वेग आलेल्या रुग्णात या कारणाचा विचार करून त्याला मेंदूच्या तपासणीसाठी पाठविणे हे वैद्याचे कर्तव्य आहे. या अंड्यांवर क्लोरीनचा परिणाम होत नाही. ती पाण्याच्या प्रवाहाने व चोळण्याने निघतात, किंवा शिजविण्याने मरतात. अळी शोधून काढून निश्चिंत होणारी गृहिणी म्हणूनच चुकीच्या शत्रूशी लढत असते.

धुण्याने किती जाते?

स्वच्छ पाण्याखाली नीट धुतल्याने पृष्ठभागावरील जंतूंची संख्या शंभरातून नव्वद ते नव्याण्णव इतकी घटते, असे सर्वसाधारणपणे आढळते. हा आकडा ऐकावयास मोठा वाटतो. पण एका पानावर एक लाख जंतू असतील तर धुतल्यावरही एक ते दहा हजार उरतात. जंतू पानाच्या रंध्रांत, शिरांच्या खोबणीत आणि विशेषतः खुडलेल्या, चुरगळलेल्या कडांत शिरून बसतात. काही चिकट थर करून राहतात. तेथे पाणी पोहोचत नाही आणि क्लोरीनही पोहोचत नाही. म्हणून धुणे अत्यावश्यक असले तरी ते निर्जंतुकीकरण नव्हे, हे आपल्या मनाशी स्पष्ट असावे. रुग्णाला ‘धुऊन घ्या म्हणजे काही होत नाही’ असे सांगणे योग्य नाही.

धुण्याच्या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या परिचयाच्या मेथीचेच आहे. २०११ च्या मे ते जुलै या काळात जर्मनीत ई. कोलायच्या एका नव्या घातक जातीची साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, आठशेहून अधिक रुग्णांच्या वृक्कांवर गंभीर परिणाम झाला आणि ५३ जण दगावले. प्रथम काकडीवर ठपका ठेवला गेला, तो चुकीचा निघाला. अखेर शोध लागला तो इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांचा. त्यांना मोड आणून ते कच्चे खाल्ले गेले होते. बीवर अल्पसंख्य जंतू असावेत. परंतु मोड येण्यासाठी लागणारी ऊब व ओल जंतूंनाही तितकीच मानवते. अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होणारा एक जंतू पावणेसात तासांत दहा लाखांवर जातो. खाण्यापूर्वी मोड धुऊन त्याचा कितीसा उपयोग होणार? उसळ शिजवून खाण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने अधिक शहाणपणाची आहे. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना विकला जाणारा गव्हांकुराचा रसही याच प्रकारात मोडतो, हे आपल्यापैकी जे तो सुचवितात त्यांनी ध्यानात घ्यावे. दाट पेरलेले, रोज पाणी शिंपडलेले, मातीलगत कापलेले ते कोवळे गवत असते आणि त्याचा रस कच्चाच दिला जातो.

आम्लता रक्षण करील, असा काहींचा समज असतो. आवळ्याचा रस बराच सुरक्षित असतो हे खरे. पण १९९६ साली अमेरिकेत न तापविलेल्या सफरचंदाच्या रसातून ओ१५७ जातीचा संसर्ग होऊन अनेक जण आजारी पडले व एक बालक मरण पावले. सफरचंदाचा रसही आम्लच असतो.

जमिनीलगतच्या वनस्पती

सर्व ओल्या द्रव्यांत धोका सारखा नाही. गुळवेल झाडावर चढलेली असते. तिचे कांड धुऊन वरची पातळ साल काढली की बहुतेक मळ सालीबरोबरच जातो. कोरफडीचेही तसेच आहे. पाने धुऊन, कापून, पिवळा चीक निथळू देऊन मग गर काढावा. धुण्याआधी सुरी चालविली तर सालीवरचे सर्व गरात उतरते, एवढे पथ्य मात्र पाळावे. अडुळसा, शेवगा, कडुनिंब यांची पाने उंचावरची असतात.

खरी काळजी घ्यावयाची ती दूर्वा, पुनर्नवा, माका, भुईआवळा आणि ब्राह्मी व मंडूकपर्णी यांची. या सर्व भूमीला टेकून वाढतात. दूर्वा जेथे उगवते तेथे शेळ्या चरतात. मंडूकपर्णीला सतत ओल हवी असते, आणि अवर्षणप्रवण गावात बाराही महिने ओल असलेली जागा बहुधा सांडपाण्याच्या चारीचीच असते. अशा ठिकाणची वनस्पती कितीही धुतली तरी घेऊ नये. तेथे जंतूंबरोबर जड धातूंचाही प्रश्न येतो, आणि ऊतींत शोषलेला धातू धुण्याने जात नाही. भुईआवळ्याचा विचार तर अधिकच गांभीर्याने व्हावा. कामलेच्या रुग्णाला आपण तो मुळासकट वाटून देतो. ज्याचे यकृत आधीच पीडित आहे त्याला, आणि गर्भिणी असेल तर विशेषच, मलदूषित रस देणे किती घातक आहे हे वेगळे सांगावयास नको. कावीळ-ई हा विकार गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत झाल्यास त्यातील मृत्यूचे प्रमाण शेकडा वीस ते पंचवीसपर्यंत जाऊ शकते. या अवस्थेतील कामलेची रुग्णा आपल्याकडे आली तर प्रथम तिला रुग्णालयात पाठवावे. औषधाचा विचार त्यानंतर.

थोड्या पाण्यात धुणे

वाहत्या पाण्याखाली धुवावे, असे सर्वत्र सांगितले जाते. टँकरवर दिवस काढणाऱ्या गावात हा उपदेश कोणी पाळणार नाही. तेथे तीन भांड्यांची रीत उपयोगी पडते. प्रथम कोरडी निवड करावी : पिवळी, कुजलेली, किडलेली पाने व मुळांची माती काढून टाकावी. मग पहिल्या भांड्यात पाच मिनिटे भिजवून हाताने हलवावे व पाने *वर उचलून* दुसऱ्या भांड्यात घालावीत. भांडे चाळणीवर उपडे करू नये, कारण तळाशी बसलेली माती त्यामुळे पुन्हा पानांवर येते. हा लहानसा तपशील आहे, पण निम्मे यश यातच आहे. दुसऱ्या भांड्यात पाने थोडीथोडी घेऊन चोळावीत आणि तिसऱ्यात खळबळून काढावीत. पुढच्या घाण्याला तिसऱ्या भांड्यातील पाणी पहिल्या भांड्यात वापरावे, म्हणजे ताजे पाणी फक्त शेवटच्या धुण्याला लागते. पहिल्या भांड्यातील गढूळ पाणी परसातील झाडांना जाते.

पाणी मात्र पिण्यायोग्यच हवे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे या मज्जाविकाराचे रुग्ण एकदम वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या मलपरीक्षणात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला आणि तपासाचा रोख पाण्याकडे वळला. अशा पाण्याने भाजी धुणे म्हणजे शुद्ध द्रव्य अशुद्ध करणे होय. तुरटीने किंवा निवळीच्या बीने पाणी निवळते, सुश्रुतानेही कतकाचा उल्लेख प्रसादनासाठीच केला आहे. पण निवळलेले पाणी निर्जंतुक नसते. शेवटच्या धुण्याला उकळून गार केलेले किंवा आरोग्य खात्याच्या मेडिक्लोरसारख्या द्रावणाने शुद्ध केलेले पाणी घ्यावे.

औषधनिर्मितीत मोठ्या प्रमाणावर ओली पाने हाताळणाऱ्यांनी तिसऱ्या भांड्यात क्लोरीनचा उपयोग करावा. दर लिटरला ५० मिलिग्रॅम हे प्रमाण पुरेसे आहे. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी वापरली जाणारी टीसीएल पावडर ३३ टक्के क्लोरीनची असेल तर १० लिटर पाण्याला दीड ग्रॅम लागते. ती वेगळ्या पाण्यात कालवून, खाली बसू देऊन वरची निवळच घ्यावी. पाच मिनिटांनी पाने काढून साध्या शुद्ध पाण्यात धुवावीत. उघडी राहिलेली किंवा ओल लागलेली पावडर निकामी होते. पाण्यात माती असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होते, म्हणून आधीची दोन धुणी टाळून चालत नाही. आणि या पाण्यात लिंबू किंवा व्हिनेगर कधीही घालू नये. विषारी वायू निघतो.

मिठाच्या पाण्याने अळ्या व मावा सुटतात, तेवढ्यासाठी ते चांगले. जंतू त्याने विश्वासार्हपणे मरत नाहीत. हळदीच्या पाण्याविषयीही तेच म्हणावे लागेल, आपल्याला ते कितीही प्रिय असले तरी. पोटॅशियम परमँगनेटचा गुलाबी रंग पाहून समाधान होते, पण एवढ्या सौम्य द्रावणाचा इतर जंतूंवर फारसा भरवसा धरता येत नाही. साबण किंवा भांड्यांची पावडर तर वापरूच नये, कारण ती पानात मुरते.

आणखी एक बारीक गोष्ट. उन्हातून आणलेली तापलेली फळे एकदम गार पाण्यात टाकू नयेत. आतील हवा आकुंचन पावते आणि देठाच्या जागेतून पाणी, जंतूंसह, आत ओढले जाते. १९९९ मध्ये अमेरिकेत ब्राझीलच्या आंब्यांतून साल्मोनेलाची साथ आली. तेथे माशीच्या बंदोबस्तासाठी आंबे गरम पाण्यातून काढून गार पाण्यात बुडविले जात, आणि संसर्गाचा मार्ग हाच असावा असा निष्कर्ष निघाला. आवळे, लिंबे सावलीत निवू द्यावीत व मग धुवावीत.

फडके, खल आणि रात्र

द्रव्य कुटून वस्त्राने पिळावे, असे शार्ङ्गधराने स्वरसाचे लक्षण सांगितले आहे. ते वस्त्र आपल्या औषधालयात कोणत्या स्थितीत असते, हे प्रत्येकाने आज एकदा पाहावे. हिरवट डाग पडलेले, नुसते खळबळून खिळ्यावर टांगलेले, दुसऱ्या दिवशीही किंचित ओलसर असे ते फडके पानांपेक्षाही अधिक जंतू बाळगते. सर्व प्रक्षालन करून रस अशा फडक्यातून गाळला तर आधीचे श्रम वाया गेले. दर वेळी फडके उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावे व कडक उन्हात वाळवावे. रोज चार-पाच फडकी फिरती ठेवली तर हे अवघड नाही. खल, पाटा-वरवंटा, मिक्सरच्या पात्याखालची खाच यांचेही तसेच. चरकाच्या यादीत ‘भाजन’ उगाच आलेले नाही.

रस काढल्यावर तो तत्काळ द्यावा. सकाळी काढून बाटलीत भरलेला आणि रुग्णाने एस. टी. ने गावी नेऊन संध्याकाळी घेतलेला रस हा स्वरस राहत नाही. हीच काळजी हिमाबाबत घ्यावी. धने रात्रभर भिजविताना ते धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यात, झाकून ठेवावेत. गुळवेल सत्त्व काढताना कुटलेले कांड रात्रभर पाण्यात राहते. वाळविल्याने जंतूंची वाढ थांबते, जंतू मरतात असे नाही. भावनाद्रव्य म्हणून माका किंवा ब्राह्मीचा रस वापरून चूर्ण दिवसेंदिवस ओले ठेवणाऱ्यांनी याचा विचार करावा. आवळ्याच्या रसाच्या भावनेत आम्लता साह्य करते, तशी सोय या रसांत नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियाने पोटात घ्यावयाच्या औषधांसाठी दर ग्रॅमला एकूण जंतू एक लाखापर्यंत आणि बुरशी एक हजारापर्यंत ही मर्यादा घातली आहे, आणि ई. कोलाय व साल्मोनेला मुळीच नसावेत असे म्हटले आहे. शेड्यूल टी मध्ये निर्मितीचे पाणी पिण्यायोग्य असण्याची अट आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध करणाऱ्या वैद्याला शेड्यूल टी मधून सूट आहे, हे खरे. पण तेथे तपासणारा कोणी नसल्याने सर्व भार वैद्याच्या विवेकावर येतो.

अग्नीचा आधार

आता मुख्य प्रश्न. लहान बालक, गर्भिणी, वृद्ध, कर्करोगाचे उपचार चालू असलेला किंवा मधुमेहाने क्षीण झालेला रुग्ण यांना कच्चा स्वरस द्यावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते देऊ नये, आणि यास शास्त्राचा विरोध नाही. स्वरस मिळणे असंभव असेल तेव्हा शुष्क द्रव्य आठपट पाण्यात उकळून चतुर्थांश उरवावे, असा पर्याय शार्ङ्गधरानेच दिला आहे. जेथे शुद्ध ओले द्रव्य मिळत नाही तेथे स्वरस ‘असंभव’च समजावा. शुष्क चूर्ण दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजविण्याचा दुसरा पर्याय मात्र आपल्या उष्ण हवेत टाळावा. पुटपाकाची कल्पना तर या कामी फारच उपयुक्त आहे. कल्काचा गोळा पानांत गुंडाळून, मातीचा लेप देऊन भाजावयाचा व मग रस पिळावयाचा. अडुळसा आणि कुटज यांचे पुटपाक आपण शिकलो, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. अतिसाराच्या रुग्णाला द्यावयाचा कुटजाचा रस अग्नीतून जाऊन येतो, ही योजना मोठी मार्मिक आहे. गोळ्याचा मध्यभाग पुरेसा तापला पाहिजे. बाहेरची माती लाल होईपर्यंत थांबण्याचा जुना दंडक त्यासाठी पाळावा.

भाज्यांबाबतही हाच न्याय लागू होतो. कृमी, वारा व ऊन यांनी बाधलेली, शुष्क, जीर्ण, अवेळी आलेली भाजी चरकाने वर्ज्य सांगितली, आणि स्नेहाविना शिजविलेली व पाणी न काढलेलीही. वाफवून, पिळून, स्नेहात परतलेली पालेभाजी हा आपल्या पाकशास्त्राचा पाया होता. आज आरोग्याच्या नावाखाली कच्च्या पाल्याचे वाडगे खाल्ले जातात. ग्रहणी व अतिसाराच्या रुग्णांना ते निःसंकोच बंद करावेत. बाजारातील कोथिंबिरीची जुडी गोणपाटावर जमिनीलगत मांडलेली असते, तिच्यावर मिळेल ते पाणी शिंपडलेले असते, आणि तीच घरी पोह्यांवर कच्ची पडते. जुडी सोडून, मुळे कापून, वरील रीतीने धुवावी. तीही वापरण्यापूर्वी, कारण आधी धुऊन ओली ठेवलेली कोथिंबीर लवकर सडते. अशक्त रुग्णाच्या ताटात ती भाजी उकळत असतानाच घालावी. कलिंगडाची सालही कापण्यापूर्वी धुवावी, कारण सुरी सालीवरचे सर्व गरात नेते.